साहेब येईपर्यंत गाणी म्हणा!

(बीड इथं कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलीतलं तसंच ठेवलंय, फक्त पुन्हा पुन्हा आलेलं गाळलंय.)



पत्रिकेवर माझा विषय 'चळवळ आणि बँड' असा छापलाय. तो वाचून एकदोघं हसली. बँड म्हणजे लग्नातला, लाल कोट घालून वरातीपुढं चालणारा. त्याच्यावर काय भाषण करायचं? हसा. पण हसून झालं की मला एक सांगा. आपल्या सभेला पहिली माणसं कोण गोळा करतं? सभा सहाची असते. साहेब नवाला येतात. मधले तीन तास तो मंडप कोण धरून ठेवतं? संयोजक माईकवर जातो आणि ढोलकीवाल्याकडं बघून म्हणतो, "साहेब येईपर्यंत गाणी म्हणा." तीन तास पोरं घसा फाडून गातात. मग गाडीचा हॉर्न वाजतो आणि गाणं मध्येच तोडायचं. कडवं अर्धं राहिलं तरी तोडायचं. हार-तुरे सुरू. ढोलकीवाला ढोलकी घेऊन मंडपाच्या मागं. दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो. गाणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

मला याच वाक्यावर बोलायचंय. कारण या वाक्यात आपला सगळा सांस्कृतिक विचार उघडा पडतो. गाणं म्हणजे वेळ भरायची वस्तू. विचार म्हणजे भाषण. हे कुणी ठरवलं? हे ठरवणारी अक्कल आपली नाही. ती वरच्यांच्या दिवाणखान्यातून आपल्या मंडपात आलेली आहे.

जरा मागं जाऊ. १९३० च्या दशकात नाशकाकडं भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे ते दिवस. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, तो १९३५ पर्यंत चालला. जलशाच्या पोरांनी काय केलं? तमाशाचाच साचा घेतला. गण, गौळण, बतावणी, वग. लोकांना माहीत असलेला साचा. गणातला देव काढला आणि तिथं बाबासाहेबांना आणलं. गौळणीतली बाईची चेष्टा फेकून दिली. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार आला, भट आला, दारू पिऊन घर बुडवणारा आपलाच माणूस आला. चाली मात्र लोकांच्या तोंडात असलेल्या. ज्या माणसाला वाचता येत नव्हतं, ज्याच्या गावात आपलं वर्तमानपत्र पोचत नव्हतं, त्याला मंदिरप्रवेश काय, मतदान काय, मेलेलं ढोर ओढायचं नाही म्हणजे का नाही, हे कंदिलाच्या उजेडात ढोलकीवर कळलं.

याचा लेखी पुरावा किती आहे? फार थोडा. स्वतः कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिलं, ते आलं १९७८ साली. म्हणजे चाळीसेक वर्षांनी, आणि लिहिलं कुणी, तर ज्यानं जलसा केला त्यानंच. विद्यापीठाचे पंडित तोवर लावणीच्या शृंगारावर प्रबंध लिहीत होते. आणि ते १९७८ साल आपल्या मराठवाड्याला कसं ठाऊक आहे? २७ जुलैला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आपली घरं पेटली. वस्त्या जळाल्या. जळालेल्या झोपड्यांत भांडीकुंडी गेली त्याची मोजदाद निदान काही ठिकाणी झाली. कुणाची पेटी जळाली, कुणाच्या गाण्याची वही जळाली, त्याची मोजदाद झालेली नाही.

आता जरा लांब जातो. पँथर हे नाव आपण कुठून घेतलं? १९७२ साली मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीनं ते घेतलं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून. ओकलंड शहरात १९६६ साली निघालेला पक्ष. त्यांचा जाहीरनामा आपल्याला माहीत, बंदुका माहीत, लहान पोरांना सकाळी फुकट नाष्टा द्यायचा त्यांचा कार्यक्रम माहीत. पण त्या पक्षाचा स्वतःचा एक बँड होता, हे इथं किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा. दोन.

त्या बँडचं नाव 'द लुम्पेन'. मार्क्सनं ज्यांना कामगारवर्गातसुद्धा धरलं नाही, गावकुसाबाहेर टाकलं, ते लुम्पेन. पँथरांनी तेच नाव अंगावर मिरवलं. चार गाणारे. चौघंही पक्षाचे साधे कार्यकर्ते. पक्षाचं साप्ताहिक निघालं की त्याचे गठ्ठे बांधायचे, गाडीत चढवायचे, रस्त्यावर विकायचे. गठ्ठे बांधता बांधता गायचे. पक्षाचा चित्रकार एमरी डग्लस, तो त्यांचा संस्कृतीमंत्री. होय, मंत्री! त्या पक्षात संस्कृतीला मंत्रिपद होतं. १९७० साली या चौघांचा गट झाला, मागं वाद्यं वाजवायला आणखी पोरं आली. ती गात होती फंक.

फंक म्हणजे काय? गोडवा कमी, ठोका जास्त. गिटारसुद्धा ढोलासारखी वाजवायची. चार मात्रांतली पहिली मात्रा अशी आपटायची की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप जमिनीवर पडला पाहिजे. जेम्स ब्राऊन नावाच्या काळ्या गायकानं ही तऱ्हा लोकांच्या अंगात भिनवली होती. लुम्पेनवाल्यांनी काय केलं? लोकांच्या ओठावरची गाणी घेतली, चाल तीच ठेवली, शब्द बदलले. प्रेमाच्या जागी तुरुंगात पडलेला बॉबी सील आला, पोलीस आला, क्रांती आली. दोस्तांनो, हा जलसाच नाही का? नाशकाचे कर्डक आणि ओकलंडची ही पोरं एकमेकांना ओळखत नव्हती. पण ज्याच्या हातात छापखाना नाही, रेडिओ नाही, तो माणूस जगात कुठंही गेलात तरी हेच करतो. लोकांची चाल घेतो आणि तिच्यात आपली गोष्ट भरतो.

लुम्पेनचं सगळं बळ प्रत्यक्ष कार्यक्रमात. तबकडी निघाली एकच. नोव्हेंबर १९७० मध्ये ओकलंडच्या मेरिट कॉलेजात कार्यक्रम झाला, तो ध्वनिमुद्रित झाला. १९७१ साली पक्षात फूट पडली, त्याच सुमाराला बँडही संपला. सगळी कारकीर्द वर्षभराची. पुढं चाळीस वर्षं त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. २०१३ साली रिकी व्हिन्सेंट या लेखकानं त्यांच्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा जगाला कळलं. तिथंही चाळीस वर्षं, इथंही चाळीस वर्षं! नेत्याची चरित्रं तो जिवंत असताना निघतात. गाणाऱ्याला चाळीस वर्षं थांबावं लागतं.

आता आपल्या काळात या. पुण्याचा कबीर कला मंच. २००२ साली गुजरातेत माणसं कापली गेली, त्यानंतर पुण्यातल्या पोरापोरींनी हा गट काढला. अमरनाथ चंडालिया यांनी सुरुवात केली. पुढं शीतल साठे, सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर, दीपक डेंगळे, ज्योती जगताप ही नावं लोकांच्या ओळखीची झाली. नाव कबीराचं. बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर, फुले. विणकर कबीराचं नाव या पोरांनी घेतलं, ते उगाच नाही.

ही पोरं कुठं गायली? वस्तीत, चौकात, कॉलेजच्या फाटकावर, मोर्चात. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झाली. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. पेपर गप्प होते किंवा भलतंच छापत होते. तेव्हा शहरातल्या पोरांपर्यंत खैरलांजी कुणी पोचवली? जे गात होते त्यांनी. यांच्या कार्यक्रमाची खासियत काय? गाणं संपलं की टाळ्यांसाठी थांबायचं नाही. तिथंच बोलायचं, प्रश्न टाकायचा, पुन्हा गाण्यात शिरायचं. गाणं आणि भाषण यांच्यात भिंतच नाही. 'साहेब येईपर्यंत' हा प्रकारच नाही, कारण साहेब कुणी येणारच नाही. जे बोलायचंय ते गाणाराच बोलणार. बघणारा घरी जाताना चाल गुणगुणत जातो आणि चालीबरोबर विचार घेऊन जातो. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा सिनेमा २०११ साली आला. चौदा वर्षं खपून केलेला. त्यात ही पोरं गाताना दिसतात. ज्यांनी त्यांचा एकही कार्यक्रम पाहिला नाही त्यांनी तो सिनेमा पाहावा.

त्याच सिनेमाच्या सुरुवातीला विलास घोगरे आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, दहा माणसं गेली. चार दिवसांनी विलास घोगरेनं मुलुंडच्या झोपडीत फास लावून घेतला. केवढा मोठा गाणारा! आणि पोटासाठी इतरांकडं गायला म्हणून त्याच्याच गटानं त्याला लांब केलं होतं. चळवळ त्याला गाणं मागत होती. त्याची चूल पेटते का, हे विचारत नव्हती. हे मी कुणाला झोडपायला सांगत नाही. हे आपल्या हिशेबाच्या वहीत मांडलेलं असावं म्हणून सांगतो.

कबीर कला मंचाचं पुढं काय झालं, ते तारखांनीच सांगतो. तारखा भाषणापेक्षा जास्त बोलतात. २०११ साली दहशतवादविरोधी पथकानं दीपक डेंगळेंना अटक केली, आरोप माओवाद्यांशी संबंधाचा. बाकीचे दोन वर्षं दिसेनासे झाले. जानेवारी २०१३ मध्ये उच्च न्यायालयानं डेंगळेंना जामीन दिला. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर आले आणि स्वतःला पोलिसांच्या ताब्यात दिलं. आरोप नाकारले. याला आम्ही सत्याग्रह म्हणतो, म्हणाले. शीतल तेव्हा गरोदर होती. जूनमध्ये तिला जामीन मिळाला. सागर, रमेश आणि सचिन यांना जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला, तोसुद्धा सर्वोच्च न्यायालयातून. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, त्यात मंच होता. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हल्ले झाले. सप्टेंबर २०२० मध्ये सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना पुन्हा अटक झाली आणि ती पुन्हा वर्षानुवर्षं आत राहिली. शीतल आणि सचिननं 'नवयान महाजलसा' हा वेगळा गट केला. बघा, नावात पुन्हा जलसा आला.

आता तुम्ही म्हणाल, त्यांचा मार्ग बरोबर की चूक? घाला वाद. वाद घालायलाच शिबिर आहे. पण माझा मुद्दा तुमच्या वादाच्या आधीचा आहे. सरकारला कळलं की गाणं हे काम आहे. ढोलकी-डफाची दखल घ्यावी लागते, हे पोलिसाला कळलं. आणि आपल्या जयंती कमिटीला अजून कळत नाही! सरकार ज्याला धोका समजतं, त्याला आपण करमणूक समजतो. याच्यापेक्षा मोठा विनोद मला तरी ठाऊक नाही.

आता बीडवर येतो. तुम्ही शहरातनं आलात, तुम्हाला बीड म्हणजे बातमीतलं बीड माहीत. इथल्या वर्षाचे दोन भाग आहेत. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसं ट्रकात बसतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाडव्याच्या आसपास कारखाने बंद होतात, माणसं परत येतात. आपल्या भाषेत फड हा शब्द दोनदा येतो. एक उसाचा फड, एक तमाशाचा फड. बीडच्या माणसाचं अर्धं आयुष्य पहिल्या फडात जातं. परत येतो तेव्हा लग्नसराई असते आणि १४ एप्रिल असतो. म्हणजे त्याच्या गावात त्याचा आवाज ऐकू येण्याचे वर्षातले दिवस हेच.

आणि त्या दिवसांत ऐकू काय येतं? डीजे. ट्रकभर भिंती. छातीत धडधड, खिडक्यांच्या काचा थरथरतात. वर्गणी कुणाची? ज्यानं सहा महिने कोयता चालवला त्याची. पावती फाडून गोळा केलेला पैसा एका रात्रीत डीजेच्या सुपारीत जातो. आणि त्याच गावात डफडं वाजवणारा माणूस मिरवणुकीच्या कडेला उभा राहून बघतो.

डफड्याचं बोलतो. तिकडं पश्चिमेला त्याला हलगी म्हणतात. गोल कडं, त्याच्यावर कातडं ताणलेलं. वाजवायच्या आधी जाळावर शेकायचं, मग ते बोलतं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. सूर नाही, फक्त ठोका. फंकची पहिली मात्रा मी मघाशी सांगितली ना, ती ऐकायला ओकलंडला जायची गरज नाही. पण हे वाद्य गावानं आपल्या माथी मारलं होतं. दवंडी द्यायची तर डफडं, पाटलाच्या वरातीपुढं डफडं, देवीच्या जत्रेत डफडं, मढ्यापुढं डफडं. बलुत्याचं काम. बाबासाहेबांनी सांगितलं, ही कामं सोडा. आपण सोडली. बरोबर केलं. हजार वेळा बरोबर केलं. पाटलाच्या हुकमानं वाजणारं वाद्य फेकलंच पाहिजे.

पण मांग भावाच्या हातात ते राहिलं. त्याला दुसरं काही मिळालं नाही म्हणून राहिलं. आणि आपण, जे स्वाभिमान शिकलो, ते जयंतीला त्यालाच सुपारी देऊन बोलावू लागलो. मिरवणुकीत पुढं वाजव, मंडपात मात्र बसू नको, भाषणाला थांबू नको, पैसे घे आणि जा. पाटील जे करत होता त्यात आणि यात काय फरक आहे? पुढं डीजे आला, मग तेवढीही सुपारी गेली. अण्णाभाऊ साठेंचा फोटो आपण स्टेजवर लावतो. १९४४ साली अण्णाभाऊंनी अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, हे आपण भाषणात सांगतो. आणि अण्णाभाऊंच्याच जातीतला डफडंवाला स्टेजच्या खाली. हे चालणार नाही.

चेन्नईकडं बघा. तिथं पा. रंजित या सिनेमावाल्याच्या पुढाकारानं 'कास्टलेस कलेक्टिव्ह' नावाचा एकोणीस जणांचा बँड झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. त्यात मढ्यापुढं वाजणारं पराई होतं, वस्तीतलं गाना होतं, गिटार होती, रॅप होतं. पराई हे वाद्य तिथल्या जातीच्या नावाशीच जोडलेलं. त्यांनी ते लपवलं नाही. स्टेजच्या मधोमध आणून वाजवलं. हुकमानं वाजवणं ही गुलामी. आपल्या मर्जीनं, आपल्या शब्दांसाठी, आपल्या स्टेजवर वाजवणं ही वेगळी गोष्ट आहे. वाद्य तेच, मालक बदलला.

कुणी म्हणेल, डीजेवर भीमगीतंच लावतो की आम्ही. लावता. चांगली गाणी आहेत. वामनदादा कर्डकांपासून प्रल्हाद शिंद्यांपर्यंत थोर माणसांनी ती दिली. पण डीजेला आज सकाळी तुमच्या तालुक्यात काय झालं ते ठाऊक नसतं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं. समिती नेमली. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. पाळी आली, खाडा पडला की दंड. म्हणून पिशवीच काढून टाका! या बाईचं गाणं डीजेवर आहे का? असणारच नाही. ते गाणं तिनं म्हणायचं, तिच्या लेकीनं लिहायचं आणि तिच्या समोर बसून आपण ऐकायचं. गाणारा समोर असला की त्याला थांबवता येतं, "पुन्हा म्हण" म्हणता येतं, "हे खोटं आहे" असंही म्हणता येतं. भिंतीएवढ्या कर्ण्याला काय म्हणणार? तो फक्त बोलतो, ऐकत नाही. सगळ्या हुकूमशहांसारखा.

म्हणून माझं मागणं थोडक्यात मांडतो. शिबिरात ठराव करायचे असतील तर करा, नाहीतर गावागावात जाऊन करा.

एक. जयंतीच्या वर्गणीतला निम्मा पैसा आपल्या तालुक्यातल्या जिवंत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना. डफडंवाला, ढोलकीवाला, पेटीवाला, बेंजोवाला, सगळ्यांना. सुपारी म्हणून नको. मानधन म्हणून, पावती करून, नाव लिहून.

दोन. पत्रिकेवर वक्त्याच्या नावाइतक्याच मोठ्या टायपात त्यांचं नाव. आणि वाजवून झालं की ते स्टेजवरच बसतील.

तीन. तुमच्या खिशात फोन आहे. कर्डकांकडं नव्हता, लुम्पेनकडं नव्हता. कार्यक्रम रेकॉर्ड करा. गाणं कुणी लिहिलं, कुठं म्हटलं, कधी म्हटलं, टिपून ठेवा. आणखी चाळीस वर्षं थांबायची आपली तयारी नाही.

चार. ऊसतोडीवरून परत येणाऱ्या बायांच्या तोंडी जे आहे ते ऐका. फडावर रात्री कोपीपुढं त्या गातात. तिथं आपला कुठलाच नेता गेलेला नाही, कुठलाच शाहीरही फारसा गेलेला नाही.

पाच. उद्या एखाद्या गाणाऱ्या पोराला पोलिसांनी उचललं तर वकिलाचा पैसा कोण देणार, हे आज ठरवा. अटक झाल्यावर पत्रक काढून भागत नाही.

शेवटी अध्यक्षांना एक विनंती. माझ्यानंतर इथं माजलगावकडची पोरं गाणार आहेत आणि त्यानंतर पाहुण्यांचं भाषण आहे. पाहुण्यांची गाडी मध्येच आली तर त्यांना खाली सतरंजीवर बसवा. गाणं पुरं होऊ द्या.

जय भीम.